चांदीचा डाख

क्लॅरिनेटची तुटकी कळ नणंदेने वहिनीच्या हातावर ठेवली आणि स्टुलावर अक्षरशः कोसळली. सकाळी शिकवण्या, दुपारी नोकरी, आता संध्याकाळी बँडबरोबर वाजवायचं.

"दोन महिनेसुद्धा टिकला नाही गं दादाचा डाख."

"हळू बोल."

दादा खिडकीशी पाठमोरा बसला होता. हात थरथरायला लागल्यापासून वाद्यदुरुस्तीच्या दुकानातली, डाख देऊन सांधे जोडायची ज्योत वहिनीकडे आली होती. एवढी एक कळ मात्र त्याने हट्टाने, दार लावून, एकट्याने जोडली होती. "चांदी-तांब्याचा डाख आहे, हलणार नाही," असं सगळ्यांना ऐकवून आठवडाभर तो पूर्वीसारखा तोऱ्यात वावरला होता.

"म्हणे कळ जर्मन सिल्व्हरची! नाव चांदीचं, आत चांदी औषधालाही नाही," नणंद पुटपुटली.

"तुझ्या माहेरच्यांसारखंच," वहिनी म्हणाली.

दोघी हसल्या. जेमतेम.

वहिनीने कळ उजेडात धरली. सांध्यावर करडा, मऊ थर होता. नखाने ओरखडा उठला. कथील! चांदीच्या डाखासाठी धातू लाल होईपर्यंत ज्योत स्थिर धरावी लागते. कथील थोड्याशा उष्णतेनेही पाघळतं, हात हलला तरी चालतं. याच कथलाला दादाने जन्मभर दुकानाची पायरी चढू दिली नव्हती.

नणंदेनेही पाहिलं. ती काही बोलणार, तेवढ्यात वहिनीने डोळे वटारले.

"काय गं? डाख सुटला?" दादाने मान न वळवता विचारलं.

"छे हो! डाख शाबूत आहे. कळच शेजारून तुटलीय. हिनेच पाडली असणार, धांदरट."

"हो रे दादा, पडली हातातून."

आता कानस घेऊन कथील खरवडायचं, तर त्याला ऐकू जाणार. वहिनीने कानस उचलली, परत ठेवली. सांधा बिघडला तर बिघडला. तिने तशीच ज्योत पेटवली.

"थांब," दादा म्हणाला. "आधी कथील काढ. तापलं की सांधा खातं ते."

वहिनीने ज्योत विझवली. मग ती कानस चालवू लागली.

कर्र, कर्र. दादा खिडकीकडे तोंड करून ऐकत होता.

ती थांबली.

"अजून आहे," तो म्हणाला.

तिने पुन्हा घासलं.

"अजून."