टाकीतली गर्दी

सासूबाईंच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत इतके मासे दाटीवाटीने राहत होते की रोज एखाददुसरा पोट वर करून तरंगताना दिसायचा. सुनेचा जीव तुटायचा. माशांचा दुकानदार म्हणाला, "ताई, निम्मे मासे कुणाला तरी देऊन टाका. उरलेल्यांना जरा श्वास घेऊ द्या." तिने निम्मे शेजारणीला दिले, मोठा फिल्टर बसवला, पाणी बदललं. त्या आठवड्यात नवरा कामासाठी बाहेरगावी होता आणि टाकीतला एकही मासा दगावला नाही. तो परतला, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तीन मासे मेलेले.

"आता काय कमी पडलं यांना?" ती रडकुंडीला आली. "थांबा, दुकानदारालाच बोलावते."

"नको," अंथरुणावर उठून बसत सासूबाई हळूच म्हणाल्या. "माझा लेक रोज मला टॉनिक आणून देतो ना, त्याची पाठ वळली की ते मी टाकीत ओतते."

"अहो आई, औषध आहे ते! मासे मरतील नाहीतर काय?"

"पीत होते, तेव्हा मला कूस बदलवत नव्हती. ओतायला लागले, तेव्हापासून भिंत धरून का होईना, चालतेय."

सुनेने हातातल्या जाळीतल्या मेलेल्या माशांकडे पाहिलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून नवऱ्याची प्रेमळ हाक आली, "अगं, तूही हल्ली फार दमतेस. ये, तुझ्यासाठीही टॉनिक काढून ठेवलंय."