खिडकीचा खुंटा

"सहादेवा, हात चालव बाबा. प्रभुदास येईल एवढ्यात," बनुबाई म्हणाल्या.

"आलंच की, बाई." सहादेव सुतारानं दातांत धरलेला शेवटचा स्क्रू काढला आणि पिळून बसवला. खिडकीच्या झडपेवर आता बाभळीची वाटोळी चकती दिसत होती, भाकरीएवढी, कडेला एक भोक असलेली. बनुबाईंच्या लेकानं, प्रभुदासनं, पुण्याहून आणलेली नवी पितळी मूठ खाली जमिनीवर लोळत पडली होती.

मूठ चांगली होती, त्यात वाद नाही. लढाईत पितळ औषधालाही मिळत नव्हतं आणि लढाई संपून वर्ष झालं तरी बाजारात धड काही येत नव्हतं. तरी लेकानं ती कुठून तरी पैदा केली, काल जुनी झिजलेली मूठ काढून स्वतःच्या हातानं ही बसवली आणि कौतुकानं म्हणाला, "आई, उघड बघू."

लिंबाएवढी ती गुळगुळीत मूठ फिरवताना बनुबाईंच्या हातातून निसटतच राहिली. संधिवातानं त्यांची बोटं अर्धवट वाकून बसली होती. ना पुरती उघडत, ना पुरती मिटत. प्रभुदासनं पाच वेळा पाहिलं, आणि त्याचं कौतुक संपलं.

"स्वतःच्या घराची खिडकी उघडता येत नाही, आणि एकटी राहतेस? ते काही नाही. उद्याच्या मोटारीनं माझ्याबरोबर पुण्याला चल."

"आणि मोटार यायच्या आत उघडून दाखवली तर?"

"तर पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही."

पण त्याला खात्रीच होती. सकाळी चहा घेऊन तो मोटारीत दोन जागा सांगायला सुप्याच्या नाक्यावर गेला, तेव्हा बनुबाईंनी सहादेवला हाक मारली. एके काळी मिशनच्या शाळेत त्यांच्याच हाताखाली तो दुसरीपर्यंत टिकला होता.

बनुबाईंचं पुण्याशी वैर नव्हतं. सून दया गुणाची होती. पण इथं ही खिडकी उघडी दिसली की बाई घरात आहेत, हे सगळ्या गावाला कळायचं. पत्र वाचून घ्यायला बायका सरळ गजांपाशी येऊन उभ्या राहायच्या. पुण्यात त्या नुसत्या दयाच्या सासूबाई झाल्या असत्या, आणि ते त्यांना मुळीच नको होतं.

"आना आता खुंटा," सहादेव म्हणाला.

बनुबाईंनी कोनाड्यातून जात्याचा खुंटा काढला. गावात पिठाची गिरणी आल्यापासून जातं कोपऱ्यात पडून होतं. तीस वर्षं हातात फिरून खुंटा तुळतुळीत झाला होता. त्यांनी तो मुठीत धरला. वाकलेली बोटं त्याच्याभोवती नेमकी बसली. ज्या मापाला ती अडून राहिली होती, ते माप खुंट्याचंच होतं. बनुबाईंना इतका आनंद झाला की त्या मोठ्यानं हसल्या.

सहादेवनं खुंटा भोकात बसवला.

"खिळा मारतोस का एखादा?"

"जात्याच्या खुंट्याला कुनी खिळा मारतं व्हय? काय बोलता, बाई!" सहादेवला ते चांगलंच लागलं.

तेवढ्यात प्रभुदास आत आला. आधी त्याची नजर जमिनीवरच्या मुठीवर गेली, मग खिडकीवर.

"हे काय सोंग?" त्यानं खुंटा धरला आणि ओढला. खुंटा अलगद त्याच्या हातात आला. "बघ! एका हिसक्यात निघाला. सहादेव, याला काम म्हणतात?"

सहादेवनं बाईंकडे पाहिलं.

"मी दळायला बसले की माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचास," बनुबाई म्हणाल्या. "पण पाहिलं काही नाहीस. आण इकडे."

त्यांनी खुंटा परत भोकात घातला आणि तळव्यानं ठोकला. एकदा. दोनदा.

"दळायला बसलं की आधी खुंटा ठोकायचा. आणि तो ओढायचा नसतो, फिरवायचा असतो."

त्यांनी खुंटा मुठीत धरून अर्धा फेरा दिला. चकती फिरली, आतली अडसराची पट्टी खर्रकन सरकली आणि जुनी झडप आपसूक आत आली. घरात ऊन आलं.

गजांपलीकडे राहीबाई पोस्टकार्ड घेऊन उभी होती.

"बाई, तुमी हाय व्हय! तुमचा लेक नाक्यावर दोन जागा सांगत हुता. म्हनलं, गेल्या आता बाई. पोराचं पत्र आलंय पलटनीतनं. कुनाकडनं वाचून घेऊ, काई सुचंना."

"मी कुठं जातेय? दे इकडे."

पोस्टकार्ड गजांतून आत आलं. बनुबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. राहीबाईचा पोरगा खुशाल होता, दिवाळीला सुट्टी मिळणार होती.

नाक्याकडून मोटारीचा भोंगा ऐकू आला. प्रभुदासनं आपली वळकटी उचलली, आईच्या पाया पडला आणि दारापर्यंत गेला. तिथून परत फिरला. वळकटी खाली ठेवून त्यानं एका हातानं झडप धरली आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं खुंटा ठोकला. कचेरीतला मऊ हात, चांगलाच झिणझिणला.

"अजून एक," पत्रातून मान वर न काढता बनुबाई म्हणाल्या.