पसंतीचं मडकं

गोरेगावच्या बाजारात माझी बायको मंगली मडकी वाजवून घेते. प्रत्येकावर बोटाने एक टिचकी मारते. पसंत पडलेल्यावर दुसरी मारते आणि तेच उचलून घरी आणते.

परवा आमच्या धानाच्या बांधीत आभाळातून धातूचा काळा गोळा पडला. मी नको म्हणत असताना मंगलीने सवयीने त्यालाही दोन टिचक्या मारल्या.

आतून दोन परत आल्या.

दुपारी तहसीलमधून साहेब आले. गोळा गाडीत टाकत म्हणाले, "मेलेल्या उपग्रहाची टाकी आहे. वर असा खूप कचरा फिरतो, त्याच्यापासून चालू उपग्रह वाचवावे लागतात. घाबरू नका, आत काही नसतं."

"मंग वाजवलं कोनं?" मंगलीने विचारलं. साहेबांनी हसत गाडीचं दार लावलं.

आज सकाळी आम्ही पेज पीत होतो. टोकाच्या घरी, जियालालच्या कवेलूंच्या छपरावर एक टिचकी वाजली. मग शेजारच्या रूपेशच्या छपरावर एक.

मी उठायला लागलो. मंगलीने माझा हात घट्ट धरला.

"हालू नोको. थो निवडून राहिला."

आमच्या छपरावर टिचकी वाजली. पेजेत माती पडली.

मग दुसरी वाजली.