मनोंग कार्पोंसाठी प्रार्थना

"फाटकाच्या आत पाऊल टाकलंत तर तंगडं मोडून हातात देईन," मनांग तिका म्हणाल्या आणि दोन्ही हात पसरून वाट अडवून उभ्या राहिल्या.

समोर पोरांची रांग होती. दोन सांगाडे, एक चेटकीण, डोक्यात कुऱ्हाड रुतलेला एक मुलगा. सगळ्यांच्या हातात खाऊच्या पिशव्या. रांग थोडी मागे सरकली, पण मोडली नाही.

"माणूस घरात मरून पडलाय आणि तुम्ही चॉकलेटं मागताय? कुठल्या आयांनी वाढवलंय तुम्हाला?"

मनांग तिकांचं डोकं दुपारपासूनच तापलेलं होतं. हॅलोविनला भुतं नकोत, संतांची सोंगं घ्या, त्यांनाही खाऊ मिळेल, असं फादरनी सांगितलं होतं. मिरवणूक तिकाबाईंनीच उभी केली होती. स्वतः बसून झगे शिवले, पुठ्ठ्याची तेजोवलयं कापली. आली मूठभर पोरं. त्यातला संत रोके अर्ध्या वाटेतून पळाला, कारण त्याला वसाहतीत जाऊन रक्तपिपासू पिशाच्च व्हायचं होतं.

त्या रागातच त्या गल्लीत शिरल्या आणि मनोंग कार्पोंच्या, म्हणजे सगळ्यांच्या कार्पोदादांच्या, फाटकावर काळं कापड दिसलं. गाडीच्या शेडमध्ये पांढरी शवपेटी, डोक्याशी उंच मेणबत्त्या, फुलांच्या चक्रावर नाव लिहिलेली फीत. पोलिकार्पो हाबेल्याना.

पावसाळ्यात कार्पोंचं काळीज दगा देऊ लागलं होतं आणि त्यांना इस्पितळात हलवलं होतं, हे सगळ्या हारो भागाला माहीत होतं. पण ते घरी आले होते, आता बरे आहेत असं ऐकलं होतं. आणि गेले तर एक माणूस सांगायला आला नाही. वर दारात ही जत्रा.

"म्युझिक बंद करा ते," त्यांनी रस्त्यापलीकडे आवाज दिला.

वसाहतीचा तरुण सेक्रेटरी डोडोंग काळा झगा सावरत आला. "मनांग, अहो, हे खरं म्हणजे..."

"आधी तोंडातले ते सुळे काढ. प्रेतासमोर बोलतोयस."

डोडोंगनं सुळे काढले. काही सांगायला तोंड उघडलं, शेडकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. मग मुकाट्यानं जाऊन त्यानं कर्णा बंद केला.

शेडमध्ये कार्पोंची बायको सेंदा काळ्या पोशाखात बसली होती. मांडीवर खाऊची टोपली. "मनांग, तुम्ही बसा जरा," ती म्हणाली. "मला तुम्हाला एक सांगायचंय."

"काही सांगू नकोस. बोललीस की रडशील." त्यांनी टोपली उचलून बाजूला ठेवली. "आणि हे काय? आजच्या दिवशी खाऊ वाटतेस?"

"त्यांचीच इच्छा होती. एकही पोर रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही म्हणाले."

"आजारात माणसाचं भान सुटतं. तू तरी शहाणपण दाखवायचंस."

सेंदानं रुमाल तोंडावर दाबला. तिचे खांदे हलू लागले. मनांग तिकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

एवढ्यात चेटकिणीनं त्यांचा झगा ओढला. टोपीखाली त्यांचीच नात निघाली, इना. सकाळी तिला संत रीटाचा वेष चढवून पाठवलं होतं.

"लोला, पण लोलो कार्पो म्हणाले होते की..."

"लोलो कार्पो आता काही म्हणत नाहीत. टोपी काढ आणि गुडघे टेक. सगळ्यांनी टेका. डोडोंग, तूसुद्धा."

त्यांच्या आवाजापुढे वसाहतीत कुणाचं चालत नसे. सांगाडे टेकले, कुऱ्हाडवाला टेकला, मागे उभे असलेले आईबापही एकमेकांकडे बघत टेकले.

मनांग तिका पेटीजवळ गेल्या. जाळीच्या पडद्याआड चेहऱ्यावर पावडर, नाकात कापूस, बोटांत जपमाळ. जिवंतपणी दिसत होते त्यापेक्षा बरे दिसत होते.

वर्षानुवर्षं दोघांनी मिळून मिरवणुकीत पवित्र मातेची मूर्ती काढली होती. मग वसाहतीच्या सभेत पोरांच्या घरोघर फिरण्यावरून वाजलं. तिकाबाई म्हणाल्या, आपल्याला सर्व संतांचा दिवस असताना हे परक्यांचं थेर कशाला? कार्पो एवढंच म्हणाले, "पोरांचं हसू देवाला खपतं, तिकाय." सगळे हसले. तेव्हापासून त्यांनी कार्पोंशी बोलणं टाकलं. इस्पितळात रस्सा पाठवला, पण स्वतः गेल्या नाहीत.

"मनोंग," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी हट्टानं आले नाही. चूक माझीच. पोरांपायी तुमच्यासारख्या माणसाशी कुणी वैर धरतं का? आज उठून बसलात तर तुमच्या हातचा खाऊ मी आधी घेईन."

मागे सेंदाचे खांदे हलायचे थांबले. तिनं रुमाल खाली घेतला आणि या वेळी खरोखरच डोळे पुसले.

मनांग तिकांनी क्रुसाची खूण केली. नमो मरिया त्यांनी जवळजवळ एकटीनंच म्हटली. पोरं नुसती पुटपुटत होती, आईबाप जमिनीकडे बघत होते. तसतसा त्यांचा आवाज चढत गेला.

"हे प्रभू, तुझ्या सेवकाला चिरंतन विसावा दे. तो शांतीत विसावो."

कुणी हूं की चूं केलं नाही. मेणबत्त्यांचा तडतड आवाज तेवढा येत होता.

मनांग तिका वळल्या. "इतकी कॅथलिक घरं या गल्लीत. बाप्तिस्मे झाले, जेवणावळी उठल्या. पण मेलेल्या माणसासाठी साधं आमेन म्हणायला एकालाही येऊ नये?"

"आमेन," शवपेटीतून मनोंग कार्पो म्हणाले.