मांगराचा पंचनामा

"बांधकाम कच्चं की पक्कं?" साहेबांनी विचारलं.

"कच्चं, साहेब," गुलाम रसूल म्हणाला. बोलून मोकळाच झाला. गेली दोन वर्षं तो हे एकच उत्तर घोकत आला होता, आणि घोकलेलं उत्तर तोंडातून निघताना समोर कोण बसलंय ते बघत नाही. वर त्याने तलाठ्याचा पंचनामा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला, तोही मोठ्या हौसेने. शेजारी बसलेल्या बायकोने, खुर्शीदने, कपाळाला हात लावला.

बारा वर्षं कुवेतमध्ये पाइपांचं वेल्डिंग करून गुलाम रसूल हेदवीजवळच्या आपल्या गावी परतला होता. बापाच्या आंब्याच्या बागेत त्याने चिऱ्याचं चार खोल्यांचं घर बांधलं. वर कौलं, पुढे पडवी, सगळं मनासारखं. बिनशेती परवानगी तेवढी काढली नाही. वाडीत कोणीच काढत नाही. मग तालुक्याहून नोटीस आली : शेतजमिनीत विनापरवाना पक्कं घर बांधलं आहे, ते पाडून टाकावं.

"चुलीत घाल ती," असं त्याने खुर्शीदला सांगितलं आणि आपलं डोकं चालवलं. कौलं उतरवून वर नारळाची झापं टाकली. चिऱ्यांवर शेणमातीचा हात फिरवला. तलाठी यायच्या दिवशी पुढच्या खोलीत शेळी आणून बांधली. धोंडू आणि विठू या शेजाऱ्यांनी पंच म्हणून मुकाट सह्या केल्या, आणि कागदावर आलं : 'अवजारं-गुरं ठेवायचा शेतीचा मांगर. तात्पुरता. आत शेळी.' तालुका गप्प झाला. आठवड्याभराने कौलं परत चढली, शेळी मात्र तिथेच राहिली. न जाणो, पुन्हा कोणी बघायला आलं तर? दोन वर्षं खुर्शीद पाहुण्यांना मागच्या दाराने घरात घेत होती.

मग गॅसची पाइपलाइन निघाली. मोजणीवाल्यांनी लाल झेंडी थेट पडवीसमोर रोवली. पाइपच्या पट्ट्यात येईल ते सगळं काढावं लागेल, म्हणाले. गुलाम रसूल तालुक्याला धावला. तिथल्या कारकुनाने हात वर केले. "पाइपलाइन दिल्लीच्या कायद्याने चाललीय. आमचं त्यात काही चालत नाही. एकवीस दिवसांत रत्नागिरीला हरकत घाला." त्याने हरकत घातली. आज तिची सुनावणी होती, आणि समोर बसले होते ते दिल्लीच्या कायद्याने नेमलेले साहेब.

साहेबांनी पंचनामा वाचून खाली ठेवला. "मांगर असेल तर हरकत टिकत नाही. भरपाई मिळेल, पण मांगर हलवावा लागेल. राहतं पक्कं घर असतं, तर गोष्ट वेगळी होती. तशा घराखालून पाइप न्यायला आमचा कायदाच परवानगी देत नाही. लाइन वळवावी लागली असती."

गुलाम रसूल गार पडला. लाइन वळते हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. वाळवंटात पाइपांचे असे कितीतरी बाक त्याने स्वतःच्या हाताने जोडले होते.

"साहेब, घर पक्कंच हाय. चार खोल्या हायत. येऊन बघा ना."

"आता बघून काय करू? पाइपलाइनची अधिसूचना निघायच्या आधी पक्कं होतं, असा सरकारी कागद हवा. तुमच्या कागदात तर शेळी आहे."

खुर्शीदने पर्स उघडली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. पाडून टाकायची ती नोटीस होती.

"तू जाळली नव्हतीस?" गुलाम रसूलने विचारलं.

"सरकारचा शिक्का मी जाळत नाय," ती म्हणाली. व्हिसा आणि पासपोर्टच्या कागदांवर बारा वर्षं संसार केलेली बाई होती ती.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "दोन्ही राज्य सरकारचेच, दोन्ही अधिसूचनेच्या आधीचे. एक म्हणतो पक्कं घर, पाडा. दुसरा म्हणतो मांगर, राहू द्या. यातला खरा कोणता, ते तुम्ही सांगायचं. मी जबाब लिहून घेतो. पण आधीच सांगून ठेवतो, जबाबाची प्रत तालुक्याला जाते. पक्कं म्हणालात तर तिकडची केस पुन्हा उघडेल."

गुलाम रसूलने मनात हिशेब मांडला. खोटं बोललं तर दिल्लीची लाइन घरावरून जाणार, आणि खरं बोललं तर तालुका पुन्हा दारात येणार. तालुक्याशी निदान भांडता येईल, दंड भरता येईल, खेटे घालता येतील. पण त्याला बोचत होतं ते वेगळंच. समोरच्या पंचनाम्यावर त्याचीही सही होती. पन्नास डिग्रीच्या उन्हात उभं राहून मिळवलेल्या घराला दोन वर्षं तो स्वतःच शेळीचा मांगर म्हणत आला होता. त्याला लाज वाटली ती घराची नव्हे, स्वतःची.

त्याने पंचनामा बाजूला सारला आणि नोटीस साहेबांपुढे सरकवली.

"लिवा, साहेब," तो म्हणाला. "पाडा म्हणतोय, तो कागद खरा."