त्रेचाळिसावा टोल

सुवार्ता गेली, हे गावाला सकाळी चर्चच्या घंटेनं कळलं. तिथली रीत अशी, की गेलेलं माणूस जितक्या वर्षांचं, तितके टोल. तिचा नवरा शांतवन सत्तावीस वर्षं ती घंटा वाजवत होता आणि मोजायला एकदाही चुकला नव्हता.

"आज दोरी दुसऱ्याला द्या," पाळकसाहेब म्हणाले.

"माझ्या बायकोची घंटा मीच वाजवणार."

सुवार्ता बासष्ट वर्षांची होती. दारादारांत माणसं टोल मोजत उभी राहिली. त्रेचाळीसला घंटा थांबली.

मेहुणी धावत चर्चमध्ये आली. "दाजी, चुकलात. एकोणीस राहिले."

"चुकलो नाही." दोरी अजून त्याच्या मुठीतच होती. "एकेका टोलाला आमचं एकेक वर्ष आठवत गेलो. त्रेचाळीसला संसार संपला. पुढं ओढवेना."

"मग मी ओढते."

"नको. मी कशाचा घोर लावून घेतला, की ती म्हणायची, देवावर टाका अन् मोकळे व्हा. मी म्हणायचो, देव येतो का दोरी ओढायला?" तो किंचित हसला. "तिचं लहानपण मी पाहिलं नाही, त्यानं पाहिलंय. ती वर्षं त्याच्यावर टाकली. माझी त्रेचाळीस मी वाजवली, अन् त्यातलं एकही मला खाली मान घालून वाजवावं लागलं नाही."

त्यानं दोरी सोडली आणि ताठ मानेनं घराकडे निघाला.

ते एकोणीस टोल अजून वाजलेले नाहीत.