हातकाटा

"माणसाचा हात कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतात ते काटे!" गच्चीवर उभं राहून बाबांनी जाहीर केलं आणि डोळे मिटून एसीची म्हणून एक नळी मुठीत घट्ट धरली. ती टाकीतून न्हाणीघरात जाणारी पाण्याची नळी होती.

"बाबा, जरा इकडे सरका. तिथे ऊन लागतंय तुम्हाला," मुलगी म्हणाली.

बाबा सरकले. हात बरोबर एसीच्या नळीवर आला. ऊन दोन्हीकडे सारखंच होतं.

तीस वर्षं लोक त्यांना हातकाटा म्हणत आले होते. बाकीचे मेकॅनिक गॅस तोलून भरायचे. बाबा जाड नळी धरून डोळे मिटायचे. नळी हवी तेवढी गार पडली, तिला घाम फुटला, की "झालं" म्हणून वॉल्व्ह बंद करायचे. मागाहून कुणी तोलून पाहिलंच तर दहा ग्रॅमचाही फरक निघायचा नाही. काही गिऱ्हाइकं तर एसी बरा असतानाही बोलवायची.

दोन वर्षांपूर्वी साखरेच्या दुखण्यानं त्यांच्या बोटांतली जाणीव नेली. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर बाबांनी डॉक्टरांनाच वेड्यात काढलं. मग एके दिवशी त्यांनी उकळतं पातेलं नुसत्या हातांनी खाली उतरवलं आणि विचारलं, "गॅस संपत आलाय का गं?" दुसऱ्याच दिवशी मुलीनं सिलिंडरमधून किती गॅस गेला ते दाखवणारा वजनकाटा आणला. तो ती बाबांच्या पाठीमागे, सिलिंडरखाली ठेवायची आणि आकडा भरला की खोकायची.

खोकला ऐकून बाबा भानावर आल्यासारखे नळी चाचपायचे आणि म्हणायचे, "झालं." बोटांत अजून थोडा जीव असणार, असं मुलीला वाटायचं. खोकल्याबद्दल दोघांत कधी बोलणं झालं नाही. बाबा फक्त तिच्यासाठी खिशात खोकल्याच्या गोळ्या ठेवू लागले. ती त्या निमूटपणे चघळायची.

आजचं गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त मास्तर. सकाळपासून मुलीनं साबणाचा फेस लावून गळती शोधली, ती बंद केली, पंपानं नळ्यांतली हवा ओढून घेतली आणि थोडा गॅस आत सोडला. आता यंत्र चालू ठेवून उरलेला भरायचा होता. मास्तरांनी खाली जाऊन एसी लावला. गच्चीवरच्या यंत्राचा पंखा घरघरू लागला. बाबांनी डोळे मिटून वॉल्व्ह उघडला. काट्यावरचा आकडा चढू लागला. चारशे. पाचशे. सहाशे.

मास्तर कधी वर आले, ते पंख्याच्या आवाजात कळलंच नाही. बोलण्याआधी ते खोकत. चाळीस वर्षं वर्ग गप्प करता करता ती सवय लागली होती. ते खोकले.

"झालं," बाबा म्हणाले आणि त्यांनी वॉल्व्ह बंद केला.

मुलीनं काट्याकडे पाहिलं. काट्यावर सहाशे वीस होते. बोटांत उरलासुरला जीव होता, तोही गेला, तिच्या मनात आलं. आणि गेला तो नेमका गिऱ्हाइकासमोर.

"अहो, झालं कसं?" मास्तर वाकले. त्यांनी आधी यंत्रावरची पाटी वाचली, मग काटा. "इथे नऊशे लिहिलंय. तिथे सहाशे वीस. दोनशे ऐंशी कुठे गेले?"

बाबांनी डोळे उघडले नाहीत. मानेवरून घामाचा एक थेंब मात्र उतरला.

"ती बाबांची पद्धत आहे, सर," मुलगी म्हणाली. आपण पुढे काय बोलणार, हे तिलाही ठाऊक नव्हतं. "यंत्राला एकदम भरवायचं नाही. मध्ये दम खाऊ द्यायचा."

"दम खाऊ द्यावाच लागतो," बाबा गंभीरपणे म्हणाले.

तिघंही यंत्राकडे बघत उभे राहिले. यंत्रानं दम खाल्ला. मग बाबांनी पुन्हा वॉल्व्ह उघडला. सातशे. आठशे. मास्तरांनी श्वास रोखून धरला होता. नऊशेला मुलगी खोकली.

"झालं," बाबा म्हणाले.

मास्तर काट्याकडे बघतच राहिले. "कमाल आहे! चाळीस वर्षं मी मुलांना एका दमात शिकवत आलो. हे मला कुणी सांगितलंच नाही."

खाली खोली गार पडली होती. निघताना बाबांनी खिशातून गोळ्यांचं अख्खं पाकीट काढलं आणि मास्तरांच्या हातावर ठेवलं. "घ्या, सर. खोकला चांगला नाही तुमचा."

जिन्यात मुलगी थांबली. आज बोलायचंच, असं ठरवून तिनं काटा या हातातून त्या हातात घेतला. "बाबा, तुमच्या बोटांचं..."

"ते राहू दे गं," कठडा धरून उतरता उतरता बाबा म्हणाले. "उद्यापासून तेवढी शिंकत जा. खोकतं कुणीही."